सात वर्षांचं दप्तर

कायद्याचं बहुतेक काम आठवण ठेवण्याचं असतं. सातबारा, जन्माची नोंद, खटल्याचा निकाल, सगळं जपायचं आणि कुणी मागितलं की नक्कल द्यायची. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं चोविसावं कलम मात्र विसरण्याचा हुकूम देतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला या कायद्याखाली दोषी ठरवलं गेलं, तर त्या दोषामुळे दुसऱ्या कुठल्याही कायद्यानुसार येणारी अपात्रता त्याला चिकटू नये आणि त्याची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट व्हावीत, असं ते सांगतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ही मुदत सात वर्षांची आहे, आणि त्याहून अधिक काळ ठेवायचं नाही, असंही तिथे लिहिलं आहे. अपवाद एकच. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण अपराधासाठी बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालला आणि तो दोषी ठरला, तर अपात्रता राहते आणि कागदही राहतात. कधीपर्यंत, ते कायदा सांगत नाही.

या कलमावरून दोन माणसं वाद घालताहेत, असं मी इथे कल्पिलं आहे. एक पोलीस खात्यातून उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालेले साहेब, दुसऱ्या बाल न्याय मंडळापुढे मुलांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकीलबाई. माझा कल बाईंकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण साहेबांचं म्हणणं जितकं पक्कं मांडता येईल तितकं मांडायचा प्रयत्न केला आहे. कच्चा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही.

साहेब सुरुवातीलाच आकडे काढतात. "मॅडम, तुम्ही 'मूल' म्हणता तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा वर्षांचं पोर येतं. आमच्यासमोर येणारी मुलं तशी नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अल्पवयीनांविरुद्ध नोंदवलेले गुन्हे ३०,५५५ आहेत. त्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. ताब्यात घेतलेल्यांत चारांतले तीन सोळा ते अठरा वयाचे. गल्लीत कोयता नाचवून गाड्यांच्या काचा फोडणाराही यातलाच. आता हाच मुलगा पोलीस भरतीला उभा राहिला, मैदानी झाली, लेखी झाली, चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर आला. उद्या ज्याच्या हातात सरकार रायफल देणार, त्याच्या मागच्या आयुष्याबद्दल मी 'निरंक' लिहायचं? मुलाला दुसरी संधी द्या, माझं काही म्हणणं नाही. पण संधी देणाऱ्याला आपण काय देतोय ते कळलं तर पाहिजे. डोळे बांधून दिलेल्या संधीला मी विश्वास म्हणत नाही."

हा आक्षेप वाटतो तितका जुनाट नाही. नोकरी देणाऱ्याला माहिती असावी, ही अपेक्षा रास्तच आहे, आणि बाई ती उडवून लावत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की साहेब ज्या कागदाची काळजी करताहेत तो बहुतेक प्रकरणांत तयारच व्हायला नको होता. आदर्श नियमांनुसार निर्घृण अपराध असेल किंवा प्रौढांच्या साथीने केलेलं कृत्य असेल तरच मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवायचा. बाकी सगळ्या प्रकरणांत बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने स्टेशन डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरची, शाळेची, सोबतीची माहिती देणारा सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल जोडायचा आणि प्रकरण मंडळाकडे पाठवायचं. "मोबाइल चोरणारा पोरगा आणि घरफोडी करणारा सराईत, या दोघांची नोंद एकाच रकान्यात पडू नये म्हणून हे सगळं आहे, साहेब. कायद्याने वेगळी केलेली नोंद पडताळणीच्या टेबलावर आल्यावर पुन्हा एक होते, तिथे दोष कायद्याचा नाही."

मला इथे मुदतीचं गणित जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याची चर्चा क्वचितच होते. सतराव्या वर्षी दोषी ठरलेल्या मुलाचे कागद सात वर्षं राहिले, तर ते नष्ट होईपर्यंत तो चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अठरा ते अठ्ठावीस, अग्निवीराची साडेसतरा ते एकवीस. म्हणजे गावाकडचा मुलगा पहाटे उठून रस्त्यावर धावण्याचा सराव करतो, अर्ज भरतो, पुन्हा भरतो, ती सगळी वर्षं त्याचे कागद जिवंत असतात. नाशाची तारीख येते तेव्हा सैन्याचं दार बंद झालेलं असतं आणि पोलिसांचं बंद होत आलेलं असतं. या मधल्या वर्षांत त्याचं रक्षण करायला एकच तरतूद उरते. कलम ७४ चं दुसरं पोटकलम म्हणतं, की प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी मुलाची कोणतीही नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी उघड करू नये. थोडक्यात, साहेबांनी त्या कागदावर 'निरंक' लिहिणं ही मुलावर केलेली मेहेरबानी ठरत नाही. कायद्याने त्यांना तेवढंच लिहिण्याची मुभा ठेवली आहे.

आता या कलमातली खोच पाहा. मुलाचं नाव, शाळा, फोटो छापणाऱ्या वर्तमानपत्राला किंवा वाहिनीला त्याच कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ही शिक्षा पहिल्या पोटकलमाच्या भंगासाठी आहे. दुसऱ्याचा भंग झाला, म्हणजे पडताळणीच्या पत्रात कारकुनाने जुनी नोंद उतरवून पाठवली, तर तिथे शिक्षाच लिहिलेली नाही. पत्रकाराला धाक आणि खात्याला सूचना, अशी ही वाटणी आहे. साहेबांना हे ऐकून हसू येतं. "खात्यावर शिक्षा लिहिली असती तर बिल मंजूर झालं नसतं, मॅडम," ते म्हणतात.

साहेबांचा पुढचा मुद्दा खोटेपणाचा आहे. "आम्ही नोंद दिली नाही, ठीक. पण भरतीच्या साक्षांकन नमुन्यात उमेदवाराला विचारलेलं असतं: तुमच्यावर कधी खटला भरला होता का? त्याने 'नाही' लिहिलं तर ती लपवालपवी झाली. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये त्यावर मोठा निकाल दिला आहे: माहिती लपवली तर नियुक्ती रद्द होऊ शकते. ज्याला पहिल्याच कागदावर खरं लिहिता येत नाही, त्याच्या हातात कायदा द्यायचा?" मुलाची कोंडी नेमकी इथेच होते. खरं लिहावं तर यादीतून नाव जातं, न लिहावं तर लबाड ठरतो. कायद्याने विसरायचं ठरवलेली गोष्ट सरकारचाच दुसरा हात त्याला आठवून लिहायला लावतो आणि तिसरा हात त्या उत्तराचे गुण कापतो. त्याच २०१६ च्या निकालात न्यायालयाने लहान वयातल्या क्षुल्लक प्रकरणांकडे अधिकाऱ्यांनी तारतम्याने पाहावं, असंही म्हटलेलं आहे, पण पडताळणीच्या टेबलावर तारतम्य हा रकाना नसतो.

बाई या मुद्द्याला दोन ठिकाणांहून उत्तर देतात. पहिलं घरचंच. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने एका उमेदवाराला तो अल्पवयीन असताना झालेल्या विनयभंगाच्या खटल्यावरून अपात्र ठरवलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं, की आरोप सिद्ध झाला असता तरी घटनेच्या वेळी तो अल्पवयीन असल्याने तो नोकरीच्या आड येऊ शकत नव्हता. या कायद्याचा हेतूच मुलाची नोंद पुसण्याचा आहे. दुसरं उत्तर कॅलिफोर्नियाचं. तिथे २०१५ पासून मुलाने परिविक्षेचा काळ समाधानकारक पार पाडला, की न्यायालय बहुतेक प्रकरणांत आपणहून नोंद सीलबंद करतं, अर्जाची वाट पाहत नाही. आणि एकदा सील झाली, की ती अटक झालीच नव्हती असं कायदा मानतो. नोकरी देणाऱ्याने विचारलं तर 'नाही' असं उत्तर देण्याचा हक्क त्या माणसाला मिळतो. गंभीर अपराधांच्या ठरलेल्या यादीतली कृत्यं चौदा वर्षांवरच्या मुलाने केली असतील तर हे आपोआप होत नाही, त्याला नंतर अर्ज करावा लागतो. "मला त्यातली दुसरी गोष्ट हवी आहे, साहेब," बाई म्हणतात, "'नाही' म्हणण्याचा हक्क. आपल्या कायद्यात कागद नष्ट करण्याचा आदेश आहे, पण प्रश्न विचारला गेल्यावर मुलाने काय लिहायचं, यावर अवाक्षर नाही."

हे मला पटतं, आणि इथून वाद खऱ्या अवघड जागी, अपवादाकडे वळतो. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर देशभर उसळलेल्या संतापातून २०१५ चा कायदा आला. संसदेच्या स्थायी समितीने विरोध नोंदवूनही सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली गेली. त्या वाटेने गेलेल्या मुलाच्या नोंदीला विसर नाही. साहेबांच्या मते ही रेघ अगदी बरोबर जागी पडली आहे. "निर्घृण गुन्हा, समजतं असं वय, आणि त्यावर मंडळाने मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम कळण्याची समज तपासून दिलेला आदेश. तीन चाळण्या आहेत. तिन्हींतून गाळून जो उरतो, त्याच्यासाठीसुद्धा दप्तर जाळायचं?"

पण पहिली चाळणीच पाहू. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे तो अपराध. जास्तीत जास्त शिक्षा कितीही असो, किमान सात नसेल तर तो निर्घृण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये ठरवलं. आता दोन प्रसंग शेजारी ठेवा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता असा आरोप झाला, त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला आणि राज्यभर संताप उसळला. पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं होतं. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, पण किमान सात वर्षं नाहीत. त्याला प्रौढ मानण्याची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे उद्या दोष सिद्ध झाला, तरी त्या मुलाचे कागद मुदतीनंतर नष्ट होण्यास पात्र आहेत. दुसरीकडे, सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी, दोघं एकमेकांच्या मर्जीने पळून जातात, त्यांच्यात शरीरसंबंध येतो, मुलीचे वडील तक्रार करतात. पोक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा संबंधाला किमान दहा वर्षं आहेत, आणि अठराखालच्या मुलीची संमती कायदा मोजत नाही. हा अपराध निर्घृण. मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयात जाईल, आणि तिथे तो प्रौढ म्हणून दोषी ठरला, तर त्याची नोंद कायमची.

पुण्यातल्या मुलाच्या नोंदीला विसर मिळू नये, असं मला म्हणायचं नाही. मला म्हणायचं आहे ते रेघेबद्दल. किमान शिक्षेचा आकडा संसदेने प्रौढ गुन्हेगारांना डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेला असतो. त्यात मुलाची समज नाही, सुधारण्याची शक्यता नाही, घडलेल्या हानीचं मापही धड नाही. त्या आकड्यावरून मुलाचं उरलेलं आयुष्य ठरवणं, हा कायद्याचा आळस आहे. साहेब म्हणतात, मंडळ आहे ना पाहायला. आहे, पण मंडळ पाहतं ते घटनेच्या वेळचं मूल. प्राथमिक मूल्यांकन तीन महिन्यांत करायचं असतं. तेव्हा हा मुलगा तिशीत कसा माणूस असेल, हे कुणाला दिसणार? नोंद पुसण्यास कोण पात्र, याचं उत्तर अपराधाच्या दिवशी देता येत नाही. ते काही वर्षांनी, माणसाकडे पाहूनच देता येतं.

आणि गंमत अशी, की पाहण्याची ती जागा याच कायद्यात आहे. कलम २० नुसार प्रौढाप्रमाणे दोषी ठरलेला मुलगा एकवीस वर्षांचा झाला आणि शिक्षा बाकी असली, तर तो सुधारला आहे का, समाजाच्या उपयोगी पडेल का, याचं परिविक्षा अधिकारी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा सामाजिक कार्यकर्त्यांकडून मूल्यमापन करवून घ्यायचं असतं. समाधान झालं तर न्यायालय त्याला अटी घालून सोडू शकतं. नाही झालं तर उरलेली शिक्षा तुरुंगात. इतकी बारीक परीक्षा घेतल्यावर, त्यात तो उत्तीर्ण झाल्यावर, न्यायालयाने त्याला दारातून बाहेर जाऊ दिल्यावर त्याच्या नोंदीचं काय होतं? काहीच नाही. ज्या न्यायाधीशाने लिहिलं की हा आता धोकादायक नाही, त्याच न्यायाधीशाच्या कपाटात त्याला जन्मभर अपात्र ठेवणारा कागद राहतो. कलम २० आणि कलम २४ एकाच कायद्यात चार कलमांच्या अंतरावर आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

साहेबांना इथे थोडं अडखळल्यासारखं होतं, पण ते मागे हटत नाहीत. "समजा, लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरलेला मुलगा एकविसाव्या वर्षी सुधारला म्हणून सुटला. तिसाव्या वर्षी तो आश्रमशाळेत अधीक्षकाच्या जागेसाठी अर्ज करतो. कागद जाळलेला आहे. तिथल्या पोरींचं उत्तरदायित्व कुणाचं, तुमचं की माझं?" हा त्यांचा सर्वांत जड प्रश्न आहे, आणि 'सगळं नष्ट करा' एवढ्याने त्याला उत्तर मिळत नाही. बाई ते मान्य करतात. त्यांचं उत्तर असं, की आपल्या कायद्याला दोनच क्रिया ठाऊक आहेत, जाळणं आणि ठेवणं. मधली क्रिया, कुलूप लावून ठेवणं, त्याला सुचलेलीच नाही. अपवादातल्या प्रकरणांत मूल्यमापन अनुकूल असेल तर नोंद सीलबंद व्हावी, किल्ली फक्त बाल न्यायालयाकडे राहावी, आणि मुलांच्या ताब्याची जागा असेल तेव्हाच, लेखी कारण देऊन, न्यायालयाने ती उघडावी. इंग्लंडमध्ये पोलिसांनी लहानपणी दिलेली ताकीदसुद्धा अशा नोकऱ्यांच्या तपासणीत आपोआप उघड व्हायची. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अवाजवी ठरवलं, नोव्हेंबर २०२० मध्ये नियम बदलले, आणि गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षांची तपासणी तरीही चालू राहिली. आपल्या कलम २४ चे शब्दही नीट वाचले तर वाट दाखवतात: अपवादातली नोंद 'बाल न्यायालयाने' राखावी, असं तिथे आहे. पोलीस ठाण्याचं नाव त्या वाक्यात नाही.

ठाण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट बोलावीच लागते. नोंद कुणाची होते आणि कुणाची वाचते, हे सर्वांसाठी सारखं नसतं. १८७१ पासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं; ते कायदे १९५२ पर्यंत गेले, पण चोरी झाली की आधी त्यांच्या पालावर जायचं, ही सवय गेली असं कुणी छातीठोक सांगणार नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटमध्ये अल्पवयीन नातेवाइकांची नावं घालण्यावर बोट ठेवलं आणि मागास, दुर्बल समाजांतल्या लोकांच्या अशा नोंदी यांत्रिकपणे होतात, याची दखल घेऊन इतर राज्यांनाही आपली पद्धत तपासायला सांगितलं. ज्याच्या वडिलांना चांगला वकील परवडतो, त्याचे कागद सातव्या वर्षी आठवणीने नष्ट करून घेतले जातात. ज्याला आपल्या नावाचा असा आदेश निघायचा असतो हेच माहीत नाही, त्याचं दप्तर धूळ खात राहतं आणि पडताळणीच्या दिवशी बरोबर सापडतं. म्हणूनच पात्रता अर्जावर अवलंबून नको. मंडळाने निकालपत्रातच नाशाची तारीख लिहावी, ठाण्याने त्या तारखेला अनुपालन अहवाल द्यावा, संगणकातल्या नोंदीसकट.

साहेब एवढं मान्य करतात. तारीख निकालातच असावी, आणि गुप्तता मोडणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पत्रकाराइतकीच शिक्षा असावी, यावर ते सही करायला तयार आहेत. शेवटी त्यांचा एकच प्रश्न उरतो, तो पीडिताचा. "ज्या आईचा मुलगा गेला, तिच्यासाठी तो कागद हाच पुरावा असतो, की सरकारने कधीतरी तिचं ऐकलं होतं. तोही जाळायचा?" बाई म्हणतात, घटना आणि ओळख वेगळी करता येते, निकाल राहू दे, त्यातलं नाव, पत्ता, शाळा काढून टाका, नाहीतरी कायदा ते छापू देत नाहीच. आईला नाव ठाऊक असतंच. ते नाव सरकारने भरतीच्या टेबलावर ठेवायचं की नाही, एवढाच वाद आहे. साहेब म्हणतात, मग सील करण्याआधी तिला न्यायालयात बोलवा. बाई हो म्हणतात, पण तिला नकाराधिकार देऊ नका, अशी अट घालतात. "मग बोलवायचं कशाला?" साहेब विचारतात. इथे दोघांचं जुळत नाही. माझंही उत्तर बाईंच्या उत्तराहून फार पुढे जात नाही: तिला तारीख कळवावी, तिचं म्हणणं आदेशात शब्दशः नोंदवावं, आणि निर्णय मात्र मुलाच्या नंतरच्या वर्षांकडे पाहून न्यायाधीशाने करावा. तिचं समाधान त्याने होईलच, असं मी म्हणू शकत नाही.